बिनपगारी यजमान

ॲन आर्बरहून आम्ही चौघी निघणार होतो. एकेक करत तिघींनी कॅन्सल केलं. "यार, तिकडे जूनमध्येही स्वेटर लागतो," हे शेवटचं कारण. कॅम्पर व्हॅन तर ठरवून ठेवलेली होती, मग मी एकटीच निघाले. मोठा पूल ओलांडून मिशिगनच्या उत्तर भागात शिरले आणि लेक सुपीरिअरच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जात राहिले. उजव्या हाताला सतत पाणी. त्याला मीठ नाही, भरती नाही, पण पलीकडचा काठही नाही, आणि लाटा खडकांवर अशा आपटतात की त्याला तलाव म्हणायला जीभ रेटत नाही. वारा सुटला की व्हॅन डुलायची आणि मागच्या कपाटात डबे एकमेकांवर आदळायचे. कंटाळा आला की मी मोठमोठ्याने घोषणा द्यायचे. मला गाणी पाठ नाहीत. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची युनियन चालवतात. घरात उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवत मोठी झाले.

काठावरच्याच एका पार्कच्या कॅम्पग्राउंडवर मुक्काम केला. उतरताना व्हॅनच्या दाराची चौकट कपाळावर बसली आणि तोंडातून "आई गं!" निघालं.

"लागलं का गं?"

आवाज संडासांच्या बाजूने आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात हिरवं जॅकेट, हातात पाण्याचा पाइप. सत्तरी ओलांडलेले एक मराठी काका.

"कुठली तू?"

"इचलकरंजी."

"मी पुण्याचा. मग तीस-पस्तीस वर्षं इकडे पूर्वेला, पार्सिपनी गावात. आता इथला." त्यांनी पाइप बंद केला. "हे एवढं धुऊन होऊ दे, मग चहा टाकतो. आलं आहे माझ्याकडे."

त्यांच्या राहायच्या गाडीबाहेर दोन खुर्च्या होत्या. चहा खरंच चांगला होता. काका इथले कॅम्प होस्ट, म्हणजे यजमान. येणाऱ्यांना जागा दाखवायची, जळण विकायचं, शेकोटीच्या खड्ड्यांतली राख काढायची, संडास धुवायचे.

"पगार किती देतात?" मी विचारलं. आमच्या घरात माणसाचं नाव विचारायच्या आधी हे विचारतात.

"पगार कसला? व्हॉलंटियर आहे मी. गाडी लावायला जागा फुकट, वीज-पाणी फुकट."

"काका, याला वेठबिगारी म्हणतात."

"आली!" ते हसले. "इचलकरंजी म्हणालीस तेव्हाच मला वाटलं होतं."

"आणि तुमच्या आधी हे काम कोण करायचं?"

"गावातली एक बाई होती. पगारी. तिची पोस्ट काढून टाकली आणि होस्ट आणले." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी काही लपलेलं उकरून काढते आहे असं मला वाटत होतं. इथे लपवलेलं काहीच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही तिची नोकरी खाल्लीत."

"मी नसतो आलो तर दुसरा आला असता."

"प्रत्येक संपफोड्या हेच म्हणतो."

"वा गं वा! माझाच चहा प्यायचा आणि मलाच संपफोड्या म्हणायचं!" ते मनापासून चिडले होते, पण माझा कप पुन्हा भरलाच. मग थोड्या वेळाने म्हणाले, "तू काहीही म्हण. फक्त उद्या म्हणू नकोस."

उद्या पार्कची मॅनेजर बाई येणार होती. दर उन्हाळ्यात एकदा ती मुक्कामाला आलेल्या लोकांशी बोलते, होस्ट कसा आहे ते विचारते आणि त्यावर पुढच्या वर्षीचं ठरवते. या वेळी एक जोडपं ही जागा मागत होतं. एका जागेत दोन माणसं राबणार, म्हणजे पार्कचा फायदाच. काकू गेल्यावर काकांनी पार्सिपनीचं घर विकलं होतं. आता ही गाडी हेच घर. ईडन प्रेरी गावात राहणाऱ्या मुलीने त्यांच्यासाठी बेसमेंट सजवून ठेवलं होतं आणि बापलेकीत करार झाला होता: पार्कने पुन्हा बोलावलं तर इथे, नाही बोलावलं तर तिच्याकडे, कायमचं.

"बेसमेंट वाईट नाही," काका म्हणाले. "कार्पेट आहे. टीव्ही आहे. खिडकीसुद्धा आहे. तिच्यातून गवताची मुळं दिसतात."

"पुण्यात कधी संडास धुतला होतात?"

"छे. बाई यायची. मागच्या दाराने." ते बूट झटकत म्हणाले, "महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांगतो, पार्कसाठी कन्सल्टिंग करतो म्हणून."

मला हसू आलं आणि रागही आला. पिढ्यानपिढ्या ज्यांच्यावर हे काम लादलं गेलं त्यांना कुणी कधी ‘वा’ म्हटलं नाही. आणि हे काका आवडीने करतात म्हणून माझ्याच मनात त्यांच्याविषयी आदर दाटून येत होता. तो आदर मला नको होता. पण ते पाइप हातात घेऊन पुन्हा निघाले तेव्हा त्यांच्या चालण्यात जो हुरूप होता, तोही खोटा नव्हता.

मी पाण्याशी जाऊन बसले आणि वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"त्या काढलेल्या बाईशी बोललीस?" त्यांनी विचारलं.

"ती कुठे आहे तेच माहीत नाही."

"मग मला काय विचारतेस?" ते म्हणाले. पत्रकाचा मजकूर तोंडी सांगणारा हा माणूस. आज माझाच प्रश्न मला परत करत होता.

सकाळी मॅनेजर बाई पिकअप ट्रक घेऊन आली. बोलायला मोकळी, डोक्यावर टोपी. होस्ट कसे आहेत म्हणून तिने विचारलं.

"उत्तम," मी म्हणाले. "इतके स्वच्छ संडास मी रस्त्यात कुठेच पाहिले नाहीत. म्हणूनच त्यांना पगार द्यायला हवा."

"मलाही तेच वाटतं," ती म्हणाली. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला याहून वाईट उत्तर नाही. "पण उद्या पगारी पोस्ट परत आली तर तिच्यासाठी भरती करावी लागेल. वजन उचलायची चाचणी असेल. त्यात हे टिकणार नाहीत. तेव्हा तुमचं नेमकं म्हणणं काय? पोस्ट परत आणा, की यांना ठेवा?"

काका लांब, जळणाच्या ढिगापाशी उभे होते. आमच्याकडे बघत नसल्याचं दाखवत होते आणि एकच ओंडका पुन्हा पुन्हा रचत होते.

"त्यांना ठेवा," मी म्हणाले.

ती त्यांच्याकडे गेली. दोघं बोलले, हात मिळवले. काका जवळजवळ धावतच माझ्याकडे आले. "पुढचा उन्हाळा पक्का! ती म्हणाली, तू फारच जोर लावलास!" त्यांनी तिथेच मुलीला फोन लावला, स्पीकरवर. बातमी सांगितली, माझं कौतुक केलं.

पलीकडून मुलगी इंग्रजीत म्हणाली, "ती तिथे आहे? तिला माहीत आहे का तू मेमध्ये ओल्या फरशीवर पडला होतास? कुणी येईपर्यंत तसाच पडून होतास ते?"

काका घाईने म्हणाले, "अगं, जरासा घसरलो होतो."

"मी तिला विचारते आहे. बाबा पुन्हा पडला तर तू तिथे असणार आहेस?"

"नाही," मी म्हणाले.

काकांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून ते झाडांमध्ये चालू लागले. मुलीला समजावत होते, मध्येच हसत होते. उजवा पाय जरा ओढत होते. काल तो मला दिसला नव्हता, की मी पाहिला नव्हता?

मॅनेजर बाईची गाडी अजून गेटपाशीच होती. ती कुणाशी तरी बोलत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारून सांगायचं काय, ते मला ठरवता येईना. ती गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी होते.