गाढवाला नाव होतं

कैरोच्या फग्गाला भागात आमची प्रकाशनसंस्था होती. मी अक्षरं जुळवायचो आणि समोरच्या टेबलावर उम्म हातिम, म्हणजे हातिमची आई, प्रुफं तपासायच्या. नवरा वारला तेव्हा पदरात तीन पोरं घेऊन इथे आल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. डबा खातानाही त्यांची नजर कागदावरच असायची.

उस्ताद शुहदी आमचे सगळ्यात खपणारे कादंबरीकार. बायकांचे कैवारी म्हणून त्यांचा मोठा बोलबाला. नवी कादंबरी त्यांच्या आईवर बेतलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चारशे पानं! उम्म हातिमनी पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘हिचं नाव?’ मग जिथे जिथे ती बाई आली, तिथे तिथे तेच. न्हाव्याला नाव होतं, कॉफीवाल्याला होतं, गाढवाचं तर चक्क सुलतान. पानोपानी राबणारी बाई मात्र कुठे ‘ती’, कुठे ‘आई’, कुठे ‘त्याची बायको’.

मालक हाज मुतवल्ली भडकले. “तुम्ही शुद्धलेखन बघा. खोडा हे सगळं, नाहीतर उद्यापासून घरी बसा.”

“खोडते की. आधी लेखकांना उत्तर देऊ द्या.”

शुहदी आले, प्रुफं चाळून हसले. “अहो, ती कुणी एक बाई नाही. अख्ख्या देशाची आई आहे. तिला नाव कशाला हवं?”

“आणि गाढव काय एकट्या तुमच्या गल्लीचं? त्याचं बरं बारसं केलंत.”

छापखान्यातली माणसं फिदीफिदी हसली. शुहदींचा चेहरा उतरला. “माझ्या आईवर लिहिलंय मी हे. जीव ओवाळून टाकीन तिच्यावरून.”

“मग तिचंच नाव घालू. काय नाव आईंचं?”

शुहदींनी आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं. आमच्याकडे चार पुरुषांत आईचं नाव कोणी काढत नाही. शाळेत एखाद्याच्या आईचं नाव फुटलं, तर पोरं त्याला वर्षभर जगू देत नाहीत. पॅरिस पाहून आलेला हा माणूस, पण कानाच्या पाळ्या लालबुंद. “हद्द झाली!” एवढं बोलून तो निघून गेला.

उम्म हातिमनी पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि त्याही गेल्या. हाजनी खोडरबर माझ्यापुढे सरकवला. मी पान न् पान खोडून काढलं. लाज वाटत होती, तरी खोडलं. नोकरी मलाही हवी होती.

पुस्तकाला बक्षीस मिळालं. एक प्रत घेऊन मी उम्म हातिमच्या घरी गेलो. दारावर अजून नवऱ्याच्याच नावाची पाटी. त्या आता शिकवण्या घेत होत्या. त्यांनी चहा दिला, पुस्तक न उघडताच बाजूला ठेवलं. निघताना उंबऱ्यात मला राहवलं नाही.

“एक विचारू? तुमचं नाव काय?”

त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या. “एकोणीस वर्षं समोर बसलास की रे, फिक्री! बहिया. आणि तुझ्या आईचं?”

जिन्यात दोन शेजारी गप्पा मारत उभे होते. मी पुन्हा आत आलो, दार लोटलं आणि मगच सांगितलं.