पर्यटकाचं काम

कातो-साननी माझ्या टेबलावर एक निळी टोपी ठेवली. टोपीवर एक टॉवेल. मुद्दाम मळवलेला, चहाचे डाग अजून ओले होते.

"इंदो-सान, हे तुझं. तुला मेकअप लागायचा नाही."

सेक्शन हसलं. मीही हसलो. त्या खोलीत न हसणारा माणूस लगेच दिसतो.

कातो-सान आमच्या सेक्शनचे प्रमुख. माझं आडनाव त्यांच्या जिभेला जड, म्हणून पहिल्या आठवड्यापासून मी इंदो-सान. इंदो म्हणजे भारत. 'सान' मानाचा. तो शेवटी लावला की आधी काहीही म्हणता येतं.

टोपीचं कारण असं. नोव्हेंबरात सेक्शनची सहल टोकियोहून शांघायला गेली होती. डिसेंबरात वर्षअखेरची मेजवानी, त्या वर्षी बायकामुलांसकट. मेजवानीत नाटुकलं करायची इथली रीत. विषय ठरला: शांघायमध्ये आपण काय काय सोसलं. टॅक्सीवाला, तिकीटखिडकीतला माणूस, संडासाच्या दारात पैसे घेणारी बाई, रेशीम विकणारा दलाल. चारही कामं माझी. पर्यटक बाकीचे.

जे सोसलं ते खोटं नव्हतं. मी हिशेबी माणूस आहे, उगाच वाढवून लिहिणार नाही आणि कमीही करणार नाही. टॅक्सीवाल्यानं एकाच पुलाखालून आम्हाला तीनदा नेलं. बागेच्या तिकिटाला परदेशी माणसाचा दर वेगळा, तिथल्या माणसाच्या कित्येक पट. रांग नव्हतीच, कोपरं होती. संडासाला दारं नव्हती. शुद्ध रेशीम म्हणून घेतलेल्या रुमालाचा धागा काडी लावल्यावर प्लॅस्टिकसारखा वितळला. माझ्याही रुमालाचा. तिकीटसुद्धा मी परदेशी दरानंच काढलं होतं.

पण जिथे अडलं तिथे मला पुढे ढकललं गेलं.

"इंदो-सान, तू घूस. तुला सवय आहे."

संडासात आधी मी जायचं, बाहेर येऊन कसा आहे ते सांगायचं. मग बाकीच्यांनी ठरवायचं. आणि एका संध्याकाळी हॉटेलच्या दारातल्या पहारेकऱ्यानं नेमकं मलाच अडवलं. पासपोर्ट मागितला. बाकी सगळे कोट झटकत आत गेले. कुणी म्हणालं नाही, हा आमच्यातला आहे. कातो-साननी आतून माझा फोटो काढला. मी दाराबाहेर, हात खिशात, पासपोर्ट शोधतोय. तो फोटो ऑफिसच्या फळ्यावर महिनाभर होता.

टोपी घेऊन टोकियोतल्याच निशी-कसाई भागात घरी आलो. बायकोला, शैलाला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"करून टाका हो. दहा मिनिटांचं तर काम. मार्चमध्ये कराराची सही व्हायचीय, विसरलात?"

"नाही विसरलो."

"मग? पुण्यात कोण बसलंय आपल्यासाठी नोकरी मांडून?"

तिचं चुकत नव्हतं. करार दर वर्षाचा. करारावर व्हिसा, व्हिसावर घर, घरावर मुलीची शाळा. एक वीट काढली की सगळं खाली.

मुलगी सात वर्षांची. ती जपानी शाळेत जायची. टोपी तिनं डोक्यावर घातली.

"बाबा, तुम्ही स्टेजवर येणार? सुगोई!"

म्हणजे भारीच. तिचे डोळे चमकत होते. ते डोळे मी आधी पाहिले होते. माझ्या बापाचे.

गावच्या शाळेत गॅदरिंग होतं. मी पाचवीत. राजाच्या दरबाराचं नाटक. गुरुजींनी सगळ्या पोरांना रंग लावायला बसवलं. माझ्यापाशी आले आणि थांबले. "याला रंगवायला नको. असाच उभा करा." माझ्या हातात झाडू दिला. दरबार भरायच्या आधी मी झाडायचं आणि निघून जायचं. आमच्या वस्तीतली माणसं मंडपाबाहेर, दोरीच्या पलीकडे उभी. मी झाडू घेऊन आलो आणि बापानं टाळ्या वाजवल्या. एकट्यानं. जोरजोरात. त्याला वाटलं, पोरगं स्टेजवर आलं.

बाप सगळा जन्म तेच काम करत होता. त्याला त्यात अपमान दिसला नाही. मला त्या टाळ्यांमध्ये दिसला.

आता माझी मुलगी टाळ्या वाजवणार होती.

सकाळी कातो-सानच्या टेबलापाशी गेलो. टोपी आणि टॉवेल ठेवला.

"मी हे करणार नाही."

त्यांनी दातांमधून हवा आत ओढली. इथे नकाराचा आवाज तसा असतो.

"सगळे मिळून करतात, इंदो-सान."

"मग मला पर्यटकाचं काम द्या. मीही पैसे भरून गेलो होतो. मलाही फसवलं."

ते खरंच विचारात पडले. मग हसून म्हणाले, "पण मग लोकांना कळणार कसं?"

चेष्टा नव्हती ती. त्यांना अडचण वाटत होती. मला तेव्हा पुरतं कळलं. दुभाषी सोडून शांघायला चौदा जण गेलो होतो. फसवले गेले ते तेरा. चौदावा फसवणाऱ्यांच्या बाजूचा. तिकीट काढूनसुद्धा.

"कळणार नसेल तर मी नसेन," म्हणालो आणि जागेवर आलो.

टोपी दुपारी लिन-सानच्या टेबलावर गेली. लिन-सान आमच्याकडची कनिष्ठ प्रोग्रॅमर. सत्तावीस वर्षांची. शांघायचीच. सहलीत दुभाष्याचं काम तिनंच केलं होतं, शिव्यासुद्धा तिनंच खाल्ल्या होत्या.

चहाच्या खोलीत मी तिला गाठलं. "तुम्ही पण नाही म्हणा."

ती कप विसळत राहिली. "तुम्ही नाही म्हणालात, ते माझ्याकडे आलं. मी म्हटलं तर कोणाकडे जाईल? माझ्यामागे कोणी नाही."

"पण ते तुमचं गाव आहे."

"म्हणूनच बरं जमेल, असं म्हणाले ते."

मेजवानी रविवारी दुपारी होती. न जाणं म्हणजे दुसरा नकार. गेलो, शैला आणि मुलीला घेऊन. लिन-सान टोपी घालून आली. गोल गोल फिरली, टॅक्सी झाली. हात पसरून संडासाचे पैसे मागितले. आपल्याच गावच्या बायकांचा आवाज काढला तिनं. हॉल लोळत होता. माझी मुलगीही हसत होती, टाळ्या वाजवत होती.

मी उठलो. मुलीचा हात धरला. शैला एक क्षण बसून राहिली, मग पर्स उचलून मागे आली. आम्हाला दोन टेबलांच्या मधून जावं लागलं. हसणं त्या बाजूनं बंद होत गेलं. मुलगी जपानीत रडत होती, अजून बघायचंय म्हणून.

सोमवारी लिन-सान म्हणाली, "उठलात ते बरं केलंत. मला तिथून कुठे उठता येत होतं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

मार्चमध्ये सही झाली नाही. कारण विचारलं. 'सगळ्यांत मिसळता येत नाही.' लिन-सानचाही करार वाढला नाही. तिला कारणही दिलं नाही. ती शांघायला परत गेली असं ऐकलं. पत्ता माझ्याकडे नाही. मला योकोहामात दुसरं काम मिळालं, पगार कमी. मुलीची शाळा बदलली. मी तिला कशासाठी उठवलं, हे ती अजून विचारते. माझं उत्तर तिला पटत नाही.

माझ्या नकारानं कोणाचं काही वाचलं नाही. अपमान रद्द झाला नाही, फक्त टेबल बदलून गेला. ते कसं होतं, हे मला आता माहीत आहे. नवीन ऑफिसात फिलिपिन्सचा एक जण आहे, नेपाळचा एक. पुढच्या वेळी टोपी येईल. ती येणारच. ती आली की मी साहेबाच्या टेबलाकडे आधी जाणार नाही. आधी त्या दोघांकडे जाईन. तिघं मिळून नाही म्हणू, आणि नोकरी गेली तर तिघांची जाईल.