रुमालाखालची बोटं

थंडी सरली म्हणून आमच्या हिनं गोधड्या धुवायला काढल्या होत्या. दुपारी गच्चीवर जाऊन मोठी गोधडी उतरवली आणि दोघांनी मिळून घडी घातली. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. टोकं जुळवायला जवळ आलो तर म्हणाली, "अहो, वाकडी झाली. परत धरा." मी म्हणालो, "पांघरायची आहे का प्रदर्शनात ठेवायची आहे?" तिनं ऐकलं नाही. पुन्हा उलगडायला लावली, सरळ घडी घातली आणि कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. तिला झाला नसेल.

मी चौथी शिकलेला माणूस. धायरीत आमची शेती होती. तरुणपणी बैलांच्या बाजारात दलालीही केली. आता शेतावर इमारत आहे आणि तिच्यात आमच्या दोन खोल्या. देवाधर्माचं सगळं ही बघायची. दर सोमवारी शंकराच्या देवळात जायची, नंदीच्या कानाशी तोंड नेऊन काहीबाही सांगायची आणि मी बाहेर चपला सांभाळायचो. एकदा म्हणाली, "तुम्हीही सांगा काहीतरी." मी म्हणालो, "दगडाला ऐकू येतं आणि माझ्या पोरीला नाही, मग मी काय सांगू त्याला?" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला तसंच वाटत होतं, म्हणून लिहितो.

पोरगी म्हणजे वैशाली, आमची एकुलती एक. दोन वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि तिचे दोन्ही कान गेले. हिनं तिच्यासाठी घरातल्या घरात खुणांची बोली तयार केली. तवा तापलाय म्हणून हात मागे घ्यायचा, ती खूण ‘मागे हो’ची. उतू जाणाऱ्या दुधावर हात धरायचा, ती ‘थांब’ची. मी काही शिकलो नाही. मला काही सांगायचं असलं की हिला सांगायचो, ही पोरीला सांगायची. वीस-बावीस वर्षं असंच चाललं. माझा आणि पोरीचा दोघांचाच एक खेळ होता, तोही ती लहान असताना. बैलबाजारात सौदा तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बाकीच्यांना कळत नाही. तसं मी गोधडीखाली तिच्या दंडावर बोटं दाबायचो. तीन बोटं म्हणजे तीन जिलब्या. पटलं तर ती माझ्या तळहातावर मूठ ठेवायची, नाही तर ओरडत सुटायची. मोठी झाली तसा तो खेळ बंद पडला.

शाळेतल्या खेळाच्या बाईंनी तिला बॉक्सिंगला घातलं. तिथले सर पहिल्याच महिन्यात म्हणाले, "काका, बाकीची पोरं गर्दीचा आरडाओरडा ऐकून बिथरतात. ही नुसती समोरच्याचा खांदा बघते." पण एका स्पर्धेत फेरी संपल्याची घंटा तिला कळली नाही आणि घंटेनंतर तिचा ठोसा बसला. समोरच्या मुलीचा बाप उठून ओरडला, "बहिरी आहे का ही?" आमची ही जागेवरून म्हणाली, "हो, आहे. पुढं बोला." त्या दिवसापासून ही रिंगच्या कोपऱ्यात सरांबरोबर उभी राहायला लागली. घंटा झाली की तांबडा टॉवेल वर करायचा आणि फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात सरांचं बोलणं खुणांनी पोरीला सांगायचं. पुढं वैशाली प्रोफेशनल झाली. तिच्या नऊ लढती झाल्या. सहा जिंकली, दोन हरली, एक बरोबरीत सुटली. नऊच्या नऊ वेळा कोपऱ्यात तिची आई होती. दहावी लढत पुण्यातच होती, पहिलीच सहा फेऱ्यांची. ती पाच आठवड्यांवर आलेली असताना ही गेली.

तेरावं झाल्यावर सर घरी आले. कोपऱ्यात खुणा करणारं माणूस नसेल तर लढत रद्द करू, असं आयोजकांनी कळवलं होतं. "आणि एकदा रद्द झाली की काका, हिला परत कोणी बोलावणार नाही," असंही ते म्हणाले. पोरीनं मोबाईलवर लिहून मला दाखवलं, "पप्पा, आईच्या जागी तुम्ही उभे राहा." मी हात हलवून नाही म्हणालो, मला येत नाही. तिनं पुन्हा लिहिलं, "शिका." एकच शब्द. माझीच पोरगी.

शिकलो. रोज संध्याकाळी आरशासमोर उभा राहायचो आणि ती माझे हात धरून खुणा करून घ्यायची. माझी बोटं आखडलेली. ‘मागे हो’ सांगायला जायचो आणि ‘पाणी दे’ व्हायचं. एकदा मी काय खूण केली कुणास ठाऊक, ती पोट धरून हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मी रागावल्याचं सोंग केलं आणि तीच खूण परत केली. पण आतून मला भीती होती. मी चुकलो तर पोरीच्या तोंडावर बसणार होतं, माझ्या नाही.

लढतीच्या दिवशी सकाळी ती मला ओढत देवळात घेऊन गेली. आई जायची म्हणून. ती रांगेत उभी राहिली, मी सवयीनं पायरीवर, चपलांपाशी. ऊन होतं. शेजारी एक म्हातारा येऊन टेकला. धोतर, जुनं मुंडासं. माझ्याकडे बघून म्हणाला, "बैलाकडचं दिसताय."

"कशावरनं?"

"रुमाल हातावर टाकलाय तुमी. बाकीची मान्सं खांद्यावर टाकत्यात."

मला हसू आलं. त्यानं सरळ माझ्या रुमालाखाली हात घातला आणि बोटं दाबली. आधी दोन, मग तीन. कित्येक वर्षांनी ती बोली माझ्या हाताला लागली. मी विचारलं, "आणि बैल कुठाय?" त्यानं हनुवटीनं आत दाखवलं. "त्यो काय, बसलाय की. पर त्यो इकायचा न्हाई. आपून नुसती बोली लावायची. भाव त्याचा त्यो ठरिवतो." पुन्हा एकदा माझी बोटं दाबून तो उठला आणि आत गेला. वैशाली बाहेर आली तेव्हा मी त्याला गर्दीत शोधलं. दिसला नाही. नंतर गुरवाला विचारलं, तो म्हणाला, रोज शंभर माणसं येतात, कोण कोण म्हणून सांगू. बरोबरच आहे त्याचं.

संध्याकाळी लढतीत समोरची मुलगी उंच होती, हातही लांब. तीन फेऱ्या ठीक गेल्या. मी टॉवेल वेळेवर वर केला, खुणाही बऱ्या जमल्या. चौथ्या फेरीत वैशालीच्या डाव्या भुवईवर फुटलं आणि उजवा डोळा सुजून मिटला. ती स्टुलावर येऊन बसली तशी जखम बघणाऱ्या माणसानं फुटलेल्या भुवईवर कापसाचा बोळा दाबला. आता दोन्ही डोळे बंद. सर सवयीनं तिच्या कानात ओरडत होते. मी हात वर करून उभा, आणि बघणारं कोणी नाही. डॉक्टर वाकून बघून गेले, म्हणाले, पुढची फेरी खेळू द्या, पण परत फुटलं तर थांबवणार. मी टॉवेल आत टाकला असता तर तिथंच संपलं असतं. माझ्या मनात तेच होतं. अंधारात एकटीच बसल्यासारखी ती हात पुढं करून आमच्यापैकी कोणाला तरी चाचपत होती.

आजवर मी देवाला जाब विचारत आलो. त्या मिनिटात जाब विचारायला वेळ नव्हता. मी एवढंच म्हणालो, मला काही येत नाही, तूच बघ. आणि माझा हात आपोआप गेला. मी टॉवेल तिच्या दंडावर टाकला आणि खालून बोट दाबलं. तिचे चाचपणारे हात थांबले. सरांना ओरडून विचारलं, "काय सांगू? आकड्यात बोला!" शिकवताना ते ठोशांना आकडेच देतात, एक म्हणजे डावा सरळ, तीन म्हणजे डावा वळवून. "एक, एक, मग तीन," सर म्हणाले. "लांबूनच." मी दाबलं. एक बोट. एक बोट. तीन बोटं. मग तिनं ग्लोव्ह घातलेली मूठ उचलली आणि चाचपत माझ्या तळहातावर ठेवली. सौदा पटला.

उरलेल्या दोन फेऱ्या मी तसंच केलं. ती एका डोळ्यानं लढली. एक, एक, तीन. भुवई पुन्हा फुटली नाही. घंटेनंतर तिचा एकही ठोसा गेला नाही. शेवटी तीनपैकी दोन पंचांनी तिला विजयी ठरवलं. रिंगवाल्या पंचानं तिचा हात वर केला तेव्हा तिनं मान वळवून कोपऱ्याकडे बघितलं. तिथं मी होतो, आणि रडत होतो. मला लोकांची लाज वाटली नाही.

तो म्हातारा कोण होता, मी सांगू शकत नाही. कुठल्या तरी गावचा बैलवाला असेल. पण तो आला नसता तर ती बोटं मला आठवली नसती, हे खरं. ही असती तर हे कोणाचं काम ते तिनं लगेच सांगितलं असतं आणि मी तिच्याशी वाद घातला असता. आता वाद घालावासा वाटत नाही. आपल्या हातात बोटं दाबण्याएवढंच आहे. उभं पोरीनं राहायचं, आणि भाव ठरवणारा वेगळाच आहे. हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली आणि हिला जावं लागलं. ज्यानं शिकवलं त्याचे उपकार आहेत.

ती गोधडी पाच आठवडे कपाटात होती. पहाटेच्या गारव्यात कुडकुडलो पण पांघरली नाही, कारण ती घडी हिच्या हातची होती. लढतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती बाहेर काढली, गच्चीवर नेली आणि उलगडली. धूळ झटकली. वैशाली कठड्याशी पाठमोरी उभी होती. मग पाय दोनदा जमिनीवर आपटला, म्हणजे पोरीला तळव्यातून कळतं. भुवईला टाके, डोळा निळा, अशी ती कठड्यापासून माझ्याकडे वळली. मी दोन टोकं तिच्यापुढं धरली. आम्ही घडी घातली. वाकडी झाली. मी तवा तापल्याची खूण केली, मागे हो, परत धर. तिला ती बरोबर कळली.