सगळ्या गावाला 'हो' म्हणणारी मावशी

माझ्या धाकट्या मावशीनं उभ्या आयुष्यात कुणालाही 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि अकोल्यात ज्याच्या ज्याच्या घरी टेलिफोन होता त्या प्रत्येकाला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. त्या काळी रिसीव्हर उचलला की आधी ऑपरेटरचा आवाज यायचा; तिला नंबर सांगायचा, मग ती वायर खोचून जोडून द्यायची. ती ऑपरेटर म्हणजे आमची मावशी. पण तिच्याशी नंबरापुरतंच बोलावं, हे कुणाच्या डोक्यातच येत नसे. कुणी किती वाजले ते विचारी, कुणी नागपूरची गाडी लेट आहे का ते. एका वकिलाची बायको तर कढई चुलीवर ठेवूनच फोन उचलायची आणि लाडवाचा पाक कसा दिसतोय याचं वर्णन करायची. मावशी इकडे दोन्ही हातांनी वायरी ओढता ओढता सांगायची, "उतरवा आता, नाहीतर दगड होतील." टेलिफोन एक्सचेंजात सोबत काम करणाऱ्या एखादीच्या पोराला ताप आला, एखादीला रिद्धपूरला दर्शनाला जायचं असलं, की तिची ड्यूटी मावशीच्या गळ्यात. "जा वो तू, मी आहे ना!" हे तिचं पालुपद होतं.

मावशोबा वारल्यापासून ती जुन्या शहरात आमच्याकडेच राहायची. मोर्णा नदीचा पूल ओलांडून संध्याकाळी नुसते तिचे पाय घरी यायचे, बाकीची ती एक्सचेंजातल्या खुर्चीवरच राहिलेली असायची. जेवायची उभ्यानं, आणि तेही एक घास स्वयंपाकघरात, दुसरा ओसरीत. गल्लीत भाजीवाली ओरडली की हिच्या तोंडून 'हॅलो' निघे. एकदा देवळात कुणीतरी घंटा वाजवली, तर हिचा हात कानाशी गेला आणि ही थेट मारुतीला म्हणाली, "नंबर प्लीज." मी तेव्हा कॉलेजात होते, मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. "बैस ना वो एका जागी! पायाले भिंगरी बांधून आली काय?" म्हणून ती मावशीला हाताला धरून खाली बसवायची. मावशी बसायची, आणि बसल्या बसल्या गुडघा हलवत राहायची.

एका उन्हाळ्यात सोबतची एक रजेवर गेली, दुसरी आजारी पडली, आणि मावशी ओळीनं दुहेरी ड्यूट्या करू लागली. अशाच एका दुपारी वकिलीणबाईंचा पाक रंगात आलेला असताना एका माणसानं डॉक्टरांचा नंबर मागितला. मावशीनं घाईत वायर खोचली ती कापसाच्या दलालाकडे. तो माणूस ओरडला, "आमची अडली हो, लवकर या!" दलालाला वाटलं, कापसाची बैलगाडी कुठंतरी अडली. तो शांतपणे म्हणाला, "अडली असन तं राहू द्या तिथंच. उद्या सकाळी पाहू."

थोड्या वेळानं तोच माणूस पुन्हा लाइनीवर आला. रडत होता. "बाई, डॉक्टर उद्या येतो म्हणते. तवरोक माही बायको जगन काय?"

मावशीला क्षणात उमगलं. तिनं डॉक्टरांना जोडलं आणि स्वतःच मध्ये बोलून त्यांना अक्षरशः त्या माणसाच्या घरी पिटाळलं. डॉक्टर पोचले, बाई सुटली, मूलही वाचलं. पुढं दलालानं हा किस्सा गावभर हसत हसत सांगितला. मावशी मात्र त्या संध्याकाळी घरी आली आणि कुणी न सांगता उंबऱ्यावर बसली. काय झालं ते कसंबसं सांगून झालं आणि तिचा आवाजच बसला. सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा.

डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. मग समाचाराला माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण ज्येष्ठमध घेऊन यायचा आणि एखादं काम ठेवून जायचा. एक दिवस सोबतची ती रिद्धपूरला जाणारी आली. पुढच्या रविवारी घरी पाहुणे आहेत, तोवर आवाज उघडलाच तर तेवढी ड्यूटी बघशील का, म्हणाली. मावशीनं सवयीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज कुठला निघायला? मग तिनं हळूच मान हलवली. डावीकडून उजवीकडे. ती बाई म्हणाली, "बरं, मंग दुसरीले विचारतो," आणि चहा पिऊन गेली. मावशी दाराकडे बघतच राहिली. माझी वही ओढून तिनं लिहिलं, 'रागावली का?'

"कायची रागावते? चहा चांगला होता म्हणे," आई म्हणाली.

आवाज परत आला तो थोडा घोगरा होऊनच. पहिल्याच दिवशी वकिलीणबाईंनी पाकाचा विषय काढला. "नंबर सांगा, बाई," मावशी म्हणाली. गाव म्हणालं, शिष्ट झाली. साहेबांनी दुहेरी ड्यूटी लावायला बोलावलं, तेव्हा ही भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "नाही जमत, साहेब."

"इतके दिवस कसं जमलं?"

"म्हणूनच आता नाही जमत."

साहेब काही दिवस घुश्शात होते. ड्यूटी मात्र लागली नाही.

पण मोकळ्या झालेल्या संध्याकाळचं काय करायचं असतं, हे तिला कुठं माहीत होतं? मी तिला बळेच बाजारात न्यायचे. तिथं एक निराळीच गंमत कळली. आयुष्यभर तिच्या वाट्याला गावाचे आवाज आले होते, चेहरे नाहीत. वांगी निवडताना मागून कुणी भाव विचारला की ती थबकायची आणि माझ्या कानात पुटपुटायची, "हे सराफाच्या घरचे. थोरला पोरगा मिलिटरीत आहे त्यायचा. चिठ्ठी नाही आली की लय घाबरतात बिचारे."

"मग ओळख दे ना!"

"नको वो बाई. ओळख देली की काम सांगन."

असं म्हणायची खरी. पण तो आवाज गर्दीत दूर जाऊन ऐकू येईनासा होईपर्यंत, हातातलं वांगं तसंच धरून, ती तिथून हलायची नाही.