ठमीनं गिळलेलं कणीस

इंदापूरच्या अलीकडं, हायवेच्या कडेला बाबूलाल शेख कणसं भाजायचे. लोणी देवकरच्या एका कारखान्यात त्यांनी निम्मं आयुष्य काढलं. मशीनच्या आवाजानं त्यांचे कान गेले, आणि पुढं कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा ऐकू न येणारा हेल्पर सगळ्यांच्या आधी गेला. मग शेगडी, पंखा आणि एक हातगाडी. गिऱ्हाईक काय मागतंय ते त्यांना ओठांवरून कळायचं.

अशातच एका पावसाळ्यात एक लंगडी कुत्री गाडीखाली येऊन बसली आणि राहिलीच. शेजारी चहा विकणारा झुंबर तिला ठमी म्हणायला लागला. बाबूलाल रस्त्याकडं पाठ करून शेगडीला वारा घालत असले, की मागं कुणी थांबल्याचं ठमीमुळंच कळायचं. ती उठून त्यांच्या पोटरीला नाक लावायची. घरी मात्र तिला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. बाबूलालांची बायको नूरजहाँ त्या बाबतीत कडक होती. भाकरी द्यायची, पण अंगणात.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी सोलापूरकडं निघालेलं कुटुंब गाडीपाशी थांबलं. त्यांच्या मुलानं दाणे खाऊन उरलेलं कणीस ठमीपुढं टाकलं. लोणी-तिखटाचा वास होता. तिनं ते दाढेखाली एकदा मोडलं आणि मोठा तुकडा तसाच गिळला. बाबूलालांनी पाहिलं. कुत्र्याच्या पोटात हाडं जिरतात, तिथं कणसाचं काय, असं त्यांना वाटलं.

सांजच्याला तिनं भाकरीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी प्यायलेलं पाणीही उलटून पडायला लागलं. मिठाचं पाणी पाजलं की सगळं बाहेर येईल, असं झुंबरचं म्हणणं पडलं. त्यानं तिचं तोंड फाकून धरलं, बाबूलालांनी ओतलं. कणीस आलं नाही. पाण्याचा ठसका लागून ती कितीतरी वेळ खोकत राहिली. मग गोडेतेल पाजून झालं. त्यानंतर ती पाठीची कमान करून गाडीखाली नुसती पडून होती. सीझनचे दिवस होते. बाबूलालांनी आणखी एक दिवस गाडी लावली.

तिला उभंच राहता येईना, तेव्हा त्यांनी ओळखीची रिक्षा बोलावून तिला बारामतीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. नूरजहाँही रिक्षात शेजारी येऊन बसली. डॉक्टर राजनंदिनींनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली. यांना ऐकू येत नाही हे लक्षात आल्यावर त्या समोर खुर्ची ओढून सावकाश बोलल्या.

"काका, कणीस पोटात विरघळत नाही. आतड्यात बुचासारखं बसतं. गिळलेलं दिसलं की त्याच दिवशी आणायचं असतं. घरी उलटी काढायची नाही, तेल पाजायचं नाही."

"आता निघंल का?"

"पोट उघडून बघते. पण उशीर झालाय."

आतडं काळं पडून फाटलं होतं. ठमी टेबलावरून उठली नाही.

परतताना ती पोत्यात गुंडाळून दोघांच्या पायाशी ठेवली होती. बाहेर दोन्ही बाजूंनी ऊस होता. बाबूलाल तिकडंच बघत होते. नूरजहाँनं हनुवटीला धरून त्यांचं तोंड आपल्याकडं वळवलं.

"ती अंगणात रात्रभर कण्हत हुती. मला ऐकू येत हुतं."

बाबूलाल तिच्या ओठांकडं बघत राहिले.

"मला वाटलं, कुत्रं हाय, रडतंय. तुमाला उठवलं न्हाय."

मग बाबूलाल म्हणाले, "तुला नुसतं ऐकू येत हुतं. मी तर गिळताना बघितलं हुतं."

अंगणाच्या कडेला त्यांनी तिला पुरलं. पुण्यात नोकरीला असलेल्या हारिसनं, त्यांच्या मुलानं, पिल्लू आणून देतो म्हणून आईला फोन केला. तिनंच नको म्हणून सांगितलं.

गाडी पुन्हा लागली. खाल्लेली कणसं टाकायला बाबूलालांनी पत्र्याचा डबा ठेवला, तरी लोक रस्त्याच्या कडेला टाकतातच, आणि वासानं गावातली कुत्री येतात. कणसं भाजायची सोडून बाबूलाल काठी घेऊन त्यांच्या मागं धावतात. नेम धरून दगडही मारतात. चहाला थांबलेली माणसं म्हणतात, म्हाताऱ्याला मुक्या जनावराची दया न्हाय. झुंबर मान खाली घालून ग्लास विसळत राहतो.