दुहेरी गाठीची चिंधी

सहादूचा सगळा जन्म वायरींत गेला. सातपूरच्या एका कारखान्यात तो मोठ्या यंत्रांची पॅनेलं जोडायचा. रिटायर झाल्यावर हात रिकामे बसेनात, म्हणून मखमलाबाद रस्त्यावरच्या घरापुढे, अंगणातच, गाड्यांची वायरिंग करू लागला. काम सावकाश करायचा. स्वतःच्या कामाबद्दल कधी बोलायचा नाही, दुसऱ्याच्या कामाबद्दल मात्र बोलायचा. कुणी दोन वायरींना नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळलेली दिसली की विचारायचा, "हे हातानं केलंय का पायानं?"

त्याची सून चैताली शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. मुलगा राकेश अंबडच्या कंपनीत पाळीवर जातो, त्याचा या व्हॅनशी संबंध रविवारी धुण्यापुरता. मुलं गोळा केली चैतालीने. बाईच्या गाडीत पोर बसवायला आधी लोक कचरत होते. एकीनं बसवलं, तिचं बघून दुसरीनं. असं करत गाडी भरायला दोन उन्हाळे गेले.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर त्या व्हॅनचं इंजिन धरलं, आतून जाम झालं. रंगनाथ मिस्त्रीनं उघडून पाहिलं आणि मान हलवली. "हे आता लोखंड झालं, सहादूभाऊ. दुसरं बसवा." मालेगावच्या एका जुन्या मालवाल्याकडे तसल्याच दुसऱ्या व्हॅनचं चालू इंजिन मिळालं. धरलेलं इंजिन त्याला बदली द्यायचं ठरलं.

पालकांचे चैतालीला फोन सुरू झाले. शाळा उघडेल त्या दिवशी गाडी येणार ना? नसेल तर तो दुसरा व्हॅनवाला, भिका, त्याच्याकडे जागा आहे म्हणतो. चैताली फोन हातात धरून अंगणात सासऱ्यापाशी आली.

"नाना, काय सांगू?"

"येणार म्हणून सांग."

तिनं सगळ्यांना तसं सांगितलं. गेलेलं पोर परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. एकदा बदलली की वर्षाच्या मध्ये कुणी पुन्हा गाडी बदलत नाही.

लोखंडाचं काम रंगनाथचं, वायरींचं सहादूचं. इंजिन उचलायच्या आधी त्याच्या अंगावरचा एकेक कपलर सोडवावा लागतो. कपलर म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा जोड, तो सेन्सरवर टक्‌ करून बसतो. एक सेन्सर पाण्याची गरमी सांगतो, एक तेलाचा दाब, एक इंजिन किती फिरलं ते. त्यातले बरेच कपलर दिसायला सारखे. कोणता कुठून काढला हे कळलं नाही तर पुढचा सगळा खेळ अंदाजाचा.

आजकालची पोरं मोबाइलवर फोटो काढतात. सहादूची रीत जुनी होती. कारखान्यात तो वायरीला चिंध्या बांधायचा, इथेही बांधल्या. बायकोच्या, सिंधुबाईच्या, गोधडीच्या गाठोड्यातून त्यानं मूठभर चिंध्या न विचारता उचलल्या. हाताला येईल ती चिंधी कपलरला, तिचाच दुसरा तुकडा त्या कपलरच्या सेन्सरला. नवं इंजिन आलं की जुन्याशेजारी ठेवायचं, चिंधीला चिंधी लावत जायचं. यात तो आजवर चुकला नव्हता.

काढता काढता एका वायरीपाशी त्याचं बोट थांबलं. वरचं रबर धड होतं, पण आत तांबं तुटलेलं लागत होतं. वाकवलं की बोटाला एक बारीकशी पोकळी कळायची. ही वायर बसवायच्या आधी बदलायची, म्हणून त्यानं त्या चिंधीला दुहेरी गाठ मारली. मग पुढच्या कपलरला हात घातला. लक्षात ठेवायचं काम चिंधीवर सोपवलं होतं, त्यानं ते स्वतःजवळ ठेवलं नाही.

वायरींचा सगळा जुडगा गाडीतून सोडवून त्यानं ओट्यावर पोत्यावर पसरून ठेवला. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्याचं लग्न सटाण्याला होतं. सहादू आणि चैताली सकाळीच निघाले. घरात सिंधुबाई एकटी, आणि दिवाळीची साफसफाई चालू.

संध्याकाळी सहादू परत आला तेव्हा वायरींचा जुडगा वाळत घातलेला होता. दोरीवर एका बाजूला गोधडी, एका बाजूला चादर, आणि मध्ये तो. धुतलेला, पुसलेला, टोकांना पाणी ठिबकत असलेला. एकही चिंधी नव्हती.

सहादूनं दोरीवरचं एकेक टोक उलटून पाहिलं.

"काय वो, असं काय बघता?" सिंधुबाई आतून म्हणाली. "लय तेलकट झालं व्हतं ते. पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवलं, मंग ब्रश मारला. बघा कसं निघालं."

"चिंध्या?"

"त्या माझ्या व्हत्या. गोधडीच्या. न इचारता घेतल्या तुम्ही. सोडल्या, धुतल्या, ठिवल्या."

"आणि इंजिनावरच्या?"

"त्या पण सोडल्या की. रंगनाथ आला व्हता टेम्पो घेऊन, नवं इंजिन ठिवून जुनं न्यायला. म्हटलं थांब जरा, माझी कापडं हायेत."

जुनं इंजिन मालेगावला गेलं होतं. सहादू ओट्यावर बसला. सिंधुबाईनं त्याचं तोंड पाहिलं आणि हातातला झाडू खाली ठेवला. काय झालं ते तिला अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं एवढं कळलं. ती आत गेली आणि चिंध्यांचं गाठोडं आणून त्याच्यापुढे ठेवलं.

त्यानं एकेक चिंधी उजेडाला धरली. धुतली तरी गाठीची घडी कापडात राहते. एका पिवळ्या, बारीक फुलांच्या तुकड्यावर दोन घड्या होत्या, एकीवर एक. दुहेरी गाठ हीच. चिंधी सापडली, पण ती कोणत्या कपलरला होती, ते चिंधी सांगत नव्हती. रंग पाहून तर त्यानं चिंध्या लावल्याच नव्हत्या.

"ही कुठं होती, आठवतं का गं?"

"मला काय ठावं? समद्या सारख्याच व्हत्या." मग हळू आवाजात, "लय बिघडलं का?"

"वाळू दे आधी," सहादू म्हणाला.

तो तिला रागावला नाही. रागावून एक वायर सापडली असती तर रागावला असता.

त्यानं जुडगा तीन दिवस उन्हात वाळवला, प्रत्येक कपलरमध्ये हवा मारली. तोवर रंगनाथनं नवं इंजिन व्हॅनमध्ये बसवलं. मग सहादू ओळख पटवायला बसला. वायरीची लांबी कुठवर पोचते ते पाहायचं, कपलरमध्ये पिना किती ते पाहायचं, मीटर लावून कोणती वायर गाडीच्या कॉम्प्युटरच्या कोणत्या पिनेला जाते ते पाहायचं. सेन्सर ओळखायला गरम पाण्याचं पातेलं घेतलं. पाण्यात बुडवल्यावर ज्याचा आकडा उतरतो, तो गरमीचा. पाठ धरायची, डोळ्यांत पाणी यायचं. चैताली शेजारी बसून मीटरचे आकडे वाचून दाखवायची. घरात फराळ झाला, दिवे लागले, भाऊबीज झाली. सहादू व्हॅनच्या तोंडातच होता.

सगळे कपलर बसले, एकही उरला नाही. चैतालीनं चावी फिरवली आणि व्हॅन पहिल्या फटक्यात सुरू झाली. सिंधुबाईनं बॉनेटला हळदीकुंकू लावलं. रंगनाथ म्हणाला, "सहादूभाऊ, वायरी धुऊन गाडी चालू होते म्हटल्यावर आमच्या मंडळींना पण कामाला लावतो." सिंधुबाई त्याच्यावर डाफरली, पण हसत.

गाडी पंचवटीपर्यंत गेली आणि भाजी बाजाराच्या तोंडाशी बंद पडली. पुढे रिक्षा, मागे रिक्षा. सहादूनं बॉनेट उघडायच्या आतच परत चालू झाली. दुसऱ्या दिवशी महामार्गाला लागताना बंद पडली, मागून ट्रक येत होता. चैतालीनं कशीबशी कडेला घेतली.

"तीच वायर," सहादू म्हणाला. "आत तुटलेली. गरम झाली, हलली, की सुटते. थंड झाली की परत चिकटते."

"कोणती?"

सहादूनं बॉनेट उघडलं. त्यानं प्रत्येक वायर बोटांत धरून वाकवली. त्या दिवशी जी पोकळी बोटाला कळली होती, ती आता कुठेच लागेना. धुताना दबली असेल, नाहीतर बोटंच तेव्हाची राहिली नसतील. मीटर सगळ्या वायरी धड सांगत होता. संशय आला त्या वायरी त्यानं बदलल्या. गाडी तरीही एकदा बंद पडली. मग त्यानं ठरवलं की सगळ्याच बदलायच्या, पण प्रत्येक पिन कपलरमधून न तोडता काढायला जो वेळ लागतो तो लागतोच. घाईत एक पिन तुटली, तेव्हा त्यानं हात आवरला. निम्म्याच्या वर वायरी जुन्याच राहिल्या आणि शाळा उघडायचा दिवस उजाडला.

सकाळी चैताली आवरून बाहेर आली. ओढणी कमरेला खोचलेली, फोन हातात. व्हॅन अंगणात चालूच होती.

"नाना, आज बंद नाही ना पडणार?"

सहादूनं बॉनेटखाली पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. कालपासून गाडी बंद पडली नव्हती.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

"तुमच्या अंदाजानं?"

"अंदाजानं पोरं न्यायची नसतात."

मग ओट्याच्या कडेला बसून तिनं भिकाला फोन लावला. "भिकाभाऊ, माझी मुलं आजच्या दिवस घ्याल का? हो, सगळी. त्यांच्या घरी मी सांगते." पुढे एकेका आईला फोन. तेच वाक्य, तोच आवाज. आजच्या दिवस असं ती प्रत्येकीला म्हणत होती. शेवटच्या फोनवर पलीकडून काहीतरी बोललं गेलं आणि चैताली नुसती "बरं" म्हणाली. फोन ठेवून ती सहादूला म्हणाली, "त्यांनी भिकाला महिनाभरासाठी आधीच विचारून ठेवलंय, नाना."

ती स्कूटी काढून निघाली. एक लहान मुलगी तिच्याशिवाय कुणाच्या गाडीत चढत नाही, तिला भिकाच्या गाडीत बसवून द्यायला.

सिंधुबाई चहा घेऊन आली. "तुमी म्हणाला असता हो, तर गेली असती ती."

"म्हणून तर नाही म्हटलं."

तिनं कप ओट्यावर ठेवला आणि पदराची एक बाजू बोटाला गुंडाळत राहिली. पिवळी चिंधी बॉनेटच्या कडेला अडकवलेली होती, ती तिनं पाहिली.

सहादू वायरींच्या जुडग्यावर हात ठेवून उभा राहिला. आता गाडी बंद पडायला हवी होती. बंद पडली असती तर त्याच क्षणी एकेक वायर चाचपता आली असती, तुटली कुठे ते कळलं असतं. इंजिन गरम झालं. त्यानं जुडगा हलवला, वाकवला, दाबला. चहावर साय आली. भिकाची व्हॅन रस्त्यावरून गेली, आत पोरांचा गलका होता. चैतालीची व्हॅन अंगणात एका सुरात चालत राहिली, एकदाही बंद न पडता.