लहान लहान होत गेलेल्या फळ्या

केळव्याजवळच्या माहीमला, माझ्या सासुरवाडीच्या पडवीत, आढ्याखाली टांगलेल्या बांबूंवर विंडसर्फिंगचे पाच बोर्ड पडलेले असतात. सासूबाई त्यांना फळ्या म्हणतात. पाहुणे आले की "जावयाच्या फळ्या" म्हणून दाखवतात. मग पाहुणे माझ्याकडे असे बघतात, जणू मला काहीतरी झालंय आणि घरच्यांनी ते सांभाळून घेतलंय. बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकसुद्धा फळी मावत नाही, म्हणून हा पसारा इथे.

मी मूळचा बुलढाण्याकडचा. बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. वारा मात्र मला नवा नव्हता. खळ्यावर धान्य उपणायला वडील तिवईवर उभे राहायचे, हातात भरलेलं सूप आणि वारा पडलेला. वाट बघून बघून ते घरच्यांवर खेकसायचे. तो स्वभाव माझ्यात जसाच्या तसा उतरलाय. केळव्याच्या किनाऱ्यावर एकदा एक माणूस फळीवर उभा राहून, हातात शीड धरून, पाण्यावरून सरसर जाताना दिसला आणि माझं डोकंच फिरलं.

पहिला बोर्ड जुनाच घेतला. मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातला, लांबलचक, दाराएवढा रुंद. टेम्पोने मनोरपर्यंत आला, तिथे हायवेच्या कडेला मी आणि बायकोने तो उतरवून घेतला. जुना बोर्ड बोटांनी ठोकून बघायचा, आवाज बद्द आला तर आतून तो खराब झालेला असतो, हे मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. बायको वाडीत वाढलेली, नारळ वाजवून घेणारी. तिने मागच्या टोकाला दोन टिचक्या मारल्या आणि तिथेच बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. तरी मी घेतला. मला धीर कुठला!

या खेळात मोठा बोर्ड मंद वाऱ्याचा. वारा जितका जोराचा, तितका बोर्ड लहान लागतो. आमच्याकडे थंडीत दुपारी वारा येतो, पण बेताचाच, त्यामुळे तो जुना दरवाजाच खरा कामाचा. त्यातही ओहोटी लागली की पाणी इतकं लांब जातं की बोर्ड ओढत चिखल तुडवत परत यावं लागतं. मी चरफडत यायचो. खरा वारा येतो पावसाळ्यात. तेव्हा जवळच्या मुरबे गावच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "नारळी पुनवेच्या आदी दर्यात पाय नाय टाकायचा." मी हो म्हटलं होतं. जावयाने सासूला दिलेला शब्द, त्यात मागेपुढे काय बघायचं.

पण बोर्ड घेत राहिलो. दुसरा, कारण तो हलका होता. तिसरा, कारण विकणारा परदेशी चालला होता. चौथ्याचा रंग आवडला. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण तयार असायचं आणि ते मला स्वतःला पटायचं. पाचवा तर एवढासा, काखेत मावणारा. त्याच्यावर नुसतं उभं राहिलं तर तो पायाखाली बुडतो, पळत असेल तरच माणसाला पेलतो. तो वर चढवायला मी शिडीवर होतो आणि बायकोने खालून शिडी धरली होती.

"तुमच्या फळ्या बारीक होत चालल्यात," ती म्हणाली.

मी म्हटलं, जमवतोय नुसत्या, शौक आहे.

"थंडीतल्या वाऱ्याला ही काय कामाची? ही पावसातली हाय."

मला राग आला, कारण जी गोष्ट मी स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो ती तिने नुसत्या मापावरून ओळखली होती. शिडी तिने सोडली नाही. म्हणाली, "विका म्हनत नाय मी. पन जायचं झालं तर मला सांगून जावा. न सांगता नाय."

त्यानंतरच्या आषाढात, एका रविवारी आम्ही वाडीतच होतो. सकाळपासून सुपारीची झाडं वाकत होती. मी पडवीत येरझाऱ्या घालत होतो, चहा दोनदा गार केला. समुद्राचा आवाज घरात ऐकू येत होता. शेवटी मी शिडी लावली, ती लहान फळी उतरवली, शीड पावसातच बाहेर अंगणात काढलं आणि सांगायला स्वयंपाकघरात गेलो.

बायको भाकरी थापत होती. सासूबाई नारळ खवत होत्या. दोघींनी वर पाहिलं. माझ्या ओल्या बाह्या आणि दंडाला लागलेली फळीवरची धूळ त्यांना दिसलीच असणार. बायकोचा हात परातीत थांबला.

घरातून निघताना आपण "येतो" म्हणतो. कारखान्यात जाताना मी ते रोज म्हणतो, दुधाला जाताना म्हणतो. त्या दिवशी दारात उभा राहून मी तोंड उघडलं, आणि एवढा एक शब्द मला खात्रीने म्हणता येईना.

"पाणी हवंय का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. पाणी प्यायलो आणि जाऊन फळी वर ठेवली. वारा संध्याकाळपर्यंत होता.